रोबोकॉपीने हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप कसा घ्यावा

खानदेशातील अनेक जिनिंगमध्ये, केळी ग्रुपच्या कार्यालयांत आणि डाळ मिलमध्ये हिशेबासाठी विंडोजचा एकच संगणक असतो, आणि मुनीमजींनी संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरवलेला फोल्डर हाच त्याचा बॅकअप समजला जातो. कॉपी चालू असताना लाईट गेली तर नेमके काय राहून गेले हे या पद्धतीत कळत नाही. शिवाय दोनच फाइली बदललेल्या असल्या तरी दर वेळी सगळा फोल्डर पुन्हा कॉपी होतो, म्हणून कापसाच्या सीझनमध्ये हे काम हमखास उद्यावर जाते. फाइली कॉपी करणारा विंडोजचा रोबोकॉपी हा आदेश या दोन्ही अडचणींसाठीच आहे. पूर्वी तो विंडोज एनटी ४.० च्या रिसोर्स किटमध्ये मिळत असे. व्हिस्टापासून तो विंडोजमध्येच असल्यामुळे वेगळे काही विकत घ्यावे किंवा उतरवून घ्यावे लागत नाही.

येथे आदेश देवनागरीत लिहिले आहेत, पण टाइप करताना प्रत्येक अक्षर आणि अंक रोमन कळफलकावरून द्यावा. ‘/एमआयआर’ असे लिहिले असेल तेथे तिरपी रेघ आणि पुढे एम, आय, आर ही तीन अक्षरे सलग द्यावीत. फोल्डरांची नावेही रोमन अक्षरांत आणि शक्यतो मध्ये जागा न सोडता ठेवावीत. नावात जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा लागतो, आणि बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाच्या लगेच आधी उलटी तिरपी रेघ आली तर आदेश बिघडतो. म्हणून पत्त्याच्या शेवटी ती रेघ देऊ नये.

हिशेबाचा फोल्डर डी ड्राइव्हवर आहे आणि बाहेरच्या हार्ड डिस्कला एक्स हे अक्षर दिले आहे, असे धरू. स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट (आदेश टाइप करण्याची खिडकी) उघडून पहिला आदेश असा द्यावा:

रोबोकॉपी डी:\हिशेब एक्स:\हिशेब /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एल

आधी मूळ जागा, मग बॅकअपची जागा आणि शेवटी पर्याय, हा क्रम कधीही बदलू नये. ‘/ई’ मुळे आतले सर्व उपफोल्डर, रिकामे असले तरी, घेतले जातात. ‘/आर’ म्हणजे एखादी फाइल कॉपी झाली नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, आणि ‘/डब्ल्यू’ म्हणजे दोन प्रयत्नांमध्ये किती सेकंद थांबायचे. हे दोन पर्याय ऐच्छिक असले तरी मी ते सक्तीचे मानतो, कारण ते न दिल्यास रोबोकॉपी स्वतःहून १० लाख प्रयत्न करतो आणि प्रत्येक प्रयत्नानंतर ३० सेकंद थांबतो. दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवलेली एकच फाइल वाटेत आली की सगळे काम तेथेच अडकते. टॅलीसारखा प्रोग्रॅम उघडा असताना हे सहज घडू शकते, म्हणून हिशेबाचा प्रोग्रॅम सर्व संगणकांवर बंद केल्यानंतरच बॅकअप घ्यावा.

शेवटचा ‘/एल’ हा पर्याय रंगीत तालमीचा आहे. तो दिला की रोबोकॉपी काहीही कॉपी करत नाही आणि पुसतही नाही, तर काय करणार होता याची फक्त यादी देतो. ही यादी वाचायची सवय नसेल तर पुढचे काहीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या फाइलींपुढे ‘न्यू फाइल’ आणि बदललेल्यांपुढे ‘न्यूअर’ असे येते. आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाइली वगळल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून काम झटपट होते ते याचमुळे. यादीत ‘ओल्डर’ दिसू लागले तर मात्र थांबावे. मूळ जागेतली फाइल बॅकअपमधल्या फाइलीपेक्षा जुनी आहे, असा त्याचा अर्थ आहे, आणि जुन्या फाइली वगळणारा ‘/एक्सओ’ हा पर्याय दिला नसेल तर रोबोकॉपी नवी फाइल घालवून तिच्या जागी जुनी ठेवतो. असे बहुतेक वेळा दोन्ही पत्त्यांची अदलाबदल झाल्यामुळे घडते. यादी समाधानकारक असेल तर ‘/एल’ काढून तोच आदेश पुन्हा द्यावा.

‘/एमआयआर’ हा पर्याय बॅकअपला मूळ फोल्डरची हुबेहूब प्रतिकृती बनवतो, म्हणजे मूळ जागेत जे नाही ते बॅकअपमधूनही पुसतो. चुकून पुसलेली कंपनीची फाइल संध्याकाळच्या बॅकअपनंतर दोन्हीकडून नाहीशी होते. दुसरा धोका ड्राइव्हच्या अक्षराचा आहे: आधी दुसराच पेन ड्राइव्ह लावला गेला आणि त्याला तेच अक्षर मिळाले, तर त्यावरील त्याच नावाच्या फोल्डरातला मजकूर जातो, आणि आदेशात फोल्डर न देता नुसते ड्राइव्हचे अक्षर दिले असेल तर सगळा ड्राइव्ह साफ होतो. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचे, एक्ससारखे अक्षर कायमचे द्यावे. रोजच्या कामाला ‘/ई’ पुरेसा आहे. जुन्या फाइली साचून डिस्क भरत आली की ‘/एमआयआर’ आधी ‘/एल’ सोबत चालवावा, ‘एक्स्ट्रा फाइल’ म्हणून आलेली नावे एकेक करून पाहावीत आणि मगच तो खरोखर चालवावा.

डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि वेळेची नोंद २ सेकंदांच्या टप्प्याने होत असल्यामुळे न बदललेल्या फाइलीही बदललेल्या वाटून पुन्हा कॉपी होतात. अशी डिस्क वापरणे भागच असेल तर वेळेतला एवढा फरक सोडून देणारा ‘/एफएफटी’ हा पर्याय जोडावा. एकाच वेळी अनेक फाइली कॉपी करणारा ‘/एमटी’ हा पर्यायही आहे, पण यूएसबीवरच्या साध्या हार्ड डिस्कला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

काय झाले याची नोंद राहावी म्हणून आदेशाच्या शेवटी ‘/लॉग+:डी:\नोंद.टीएक्सटी /एनपी’ असे जोडावे. अधिकच्या चिन्हामुळे नवी नोंद जुनीच्या खाली लिहिली जाते, ते नसेल तर जुनी पुसली जाते. ‘/एनपी’ मुळे कॉपीची टक्केवारी नोंदीत येत नाही. फाइलींची नावे मराठीत असतील तर ‘/लॉग’ ऐवजी ‘/युनिलॉग’ द्यावा, म्हणजे नोंदीत ती नावे नीट वाचता येतात. नोंदीच्या तळाशी येणाऱ्या तक्त्यात ‘फेल्ड’ या रकान्यात शून्य आहे की नाही, एवढे रोज पाहावे.

हा आदेश बॅच फाइलमध्ये (आदेश साठवलेली, उघडताच ते चालवणारी फाइल) साठवून टास्क शेड्युलरकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, सोपवता येतो. आपल्याकडे लोडशेडिंगमुळे येथे दोन खुणा तपासाव्या लागतात. ठरलेल्या वेळी संगणक बंद असेल तर चालू झाल्यावर काम लवकरात लवकर सुरू करण्याची खूण सेटिंग्ज भागात लावावी. लॅपटॉप असेल तर कंडिशन्स भागातली, फक्त वीजजोडणीवर असतानाच काम सुरू करण्याची खूण काढावी. ती आधीपासून लावलेली असते आणि बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा बॅकअप त्यामुळे गुपचूप राहून जातो. टास्क शेड्युलरमध्ये कामाच्या शेवटच्या निकालात १ हा आकडा दिसला तर घाबरू नये, कारण रोबोकॉपीच्या भाषेत ० म्हणजे कॉपी करण्यासारखे काही नव्हते आणि १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी अयशस्वी झाले आहे असे समजून नोंद उघडावी.

काम आपोआप होते म्हणून डिस्क कायम जोडून ठेवू नये. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. दोन डिस्क घेऊन त्या आठवड्याने बदलाव्यात आणि न लागणारी डिस्क कार्यालयाबाहेर, शक्यतो घरी, ठेवावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ती गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राहू देऊ नये.

महिन्यातून एकदा बॅकअप परत आणून पाहावा. त्यासाठी पत्त्यांचा क्रम उलटा होतो, पण माल मूळ फोल्डरात न आणता नव्या, रिकाम्या फोल्डरात आणावा:

रोबोकॉपी एक्स:\हिशेब डी:\तपासणी /ई /आर:२ /डब्ल्यू:५

येथे ‘/एमआयआर’ मुळीच वापरू नये. आदेश पूर्ण झाल्यावर हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये या नव्या फोल्डरातली कंपनी उघडावी, बॅकअपच्या दिवशीची शेवटची पावती आणि रोकड शिल्लक छापील नोंदीशी ताडून पाहावी, आणि ती जुळल्यावर प्रोग्रॅमचा पत्ता पुन्हा मूळ फोल्डरकडे वळवून तपासणीचा फोल्डर काढून टाकावा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पावत्या त्याच फोल्डरात चढत राहतील.