नागपूरहून अलेप्पीची वल्लमकळी बघायला जाताय? मग हे वाचून जा

केरळ ट्रिप म्हटलं की आपल्याकडचे लोक मुन्नार करतात, हाऊसबोट करतात नि परत येतात, वल्लमकळी म्हणजे तिथली होड्यांची शर्यत राहूनच जाते. अन् गेलेच तर काय बघायचं ते माहीत नसतं. अलेप्पीच्या वल्लमकळीची, म्हणजे नेहरू ट्रॉफीची, फायनल जेमतेम साडेचार मिनिटांत संपते राजेहो, डोळे आधी तयार नसतील तर एवढ्या दूर जाऊन नुसता गोंगाट ऐकून याल.

आधी तारीख. परंपरेनं ऑगस्टचा दुसरा शनिवार, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. २०१८ ला पुरामुळे शर्यत १० नोव्हेंबरला गेली, २०२४ ला वायनाडच्या दरडीनंतर २८ सप्टेंबरला, आणि २०२५ ला ३० ऑगस्टला झाली म्हणजे आपल्या ऐन गणपतीत. तारीख जाहीर झाली की लगेच रिझर्वेशन करा. केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट आहे पण ती कोट्टायमकडून जाते, अलेप्पीला जातच नाही, म्हणून एर्नाकुलम टाऊनला उतरायचं, रिक्षानं जंक्शनला जायचं नि तिथून किनाऱ्याकडच्या लाइनची गाडी धरायची, नाहीतर सरळ बस.

आणि दोन-तीन दिवस आधीच पोचा, हे अगदी आग्रहानं सांगतो. कैनकरी, पल्लातुरुत्ती भागात सराव चालू असतो, तोही फुकट नि अगदी जवळून दिसतो. तिथे शर्यतीची होडी नीट पाहून घ्या. मुख्य शर्यत चुंडनची. चुंडन म्हणजे सापासारखी लांबलचक नाव, शंभर फुटांहून लांब, आंजिलीच्या लाकडाची, मागचं टोक पाण्यावर चांगलंच उंच गेलेलं. वल्हवणारे दोन-दोनच्या रांगेत, तोंड पुढे करून, सगळे मिळून शंभरेक जण तरी असतात. मागे लांब वल्ही घेऊन उभे असतात ते सुकाणूवाले, मधे वंचिप्पाट्टू म्हणजे नावाड्यांची गाणी गाणारे, आणि फळीवर लाकडी दांडा आपटून ठेका देणारे. सगळा खेळ त्या ठेक्याचा आहे बरं का. ढोल-ताशा पथकात एकाचं टिपरू उशिरा पडलं की सगळ्यांचं बिघडतं, तसंच इथे एक वल्हं मागे राहिलं की ते पुढच्या-मागच्याला अडतं नि नावेचा वेग तुटतो.

अजून एक गोष्ट, होडी वेगळी नि क्लब वेगळा. कारिचाल, वीयपुरम ही होड्यांची नावं, नि वल्हवणारे बोट क्लबचे. आज एका नावेवर असलेला क्लब पुढच्या वर्षी दुसरीवर दिसू शकतो. हे माहीत नसलं की बाजूचा माणूस कोणासाठी ओरडून राहिला तेच कळत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच निघा. शर्यत होते त्या पुन्नमडा तलावावर जागा शक्यतो फिनिशिंग पॉइंटजवळची घ्या, तिकिटं शे-दोनशेपासून काही हजारांपर्यंत असतात. छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही, रेनकोट घ्या. सकाळी छोट्या नावा असतात, त्या सोडू नका, बायकांच्या तेक्कनोडी नावा तर नक्की बघा. चुंडनच्या हीट्स, म्हणजे फायनलआधीच्या फेऱ्या, दुपारनंतर. इथे हीट जिंकली म्हणजे फायनल पक्की असं नसतं, सगळ्या हीट्स मिळून ज्या चार नावांची वेळ सगळ्यात कमी त्याच फायनलला, त्यामुळे प्रत्येक हीटची वेळ लिहून ठेवा, फायनलची मजा दुप्पट होते.

फायनलला नजर नावेच्या टोकावर ठेवू नका. वीस सेकंद एकाच नावेची वल्ही मोजा, मग दुसरीची. शेवटच्या टप्प्यात ठेका वाढतो तेव्हा कोणाची रांग एकसारखी राहते ते पाहा, बहुतेक तीच पुढे निघते. २०२४ ला कारिचाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंदांत आली नि वीयपुरम २९.७९० ला, पाच सहस्रांश सेकंदाचा फरक! नुसत्या डोळ्यांना कळणारच नाही, म्हणून स्क्रीनवर निकाल येईपर्यंत जागेवरून उठू नका.

ही ट्रॉफी नेहरूंनी दिलेली आहे. १९५२ ला ते आले तेव्हा त्यांच्यासाठी शर्यत ठेवली होती, ती जिंकलेल्या नडुभागम नावेत ते स्वतः जाऊन चढले नि पुढे चांदीची नाव पाठवली.

त्याच रात्री परतीची गाडी ठेवू नका, गर्दीतून स्टेशन गाठणं फार कठीण जातं. सकाळी समुद्रावर जाऊन जुन्या बंदराच्या धक्क्याचे उरलेले खांब बघा, एकेकाळी इथून मोठा व्यापार चालायचा. आणि ऑगस्ट जमतच नसेल तर जून-जुलैत चंपक्कुळमची शर्यत आहे, किंवा ओणमच्या सुमारास पंपा नदीवर आरन्मुळ्याची. आरन्मुळ्याचा सोहळा मात्र देवळाचा आहे, तिथे जिंकण्यापेक्षा गाणं नि रांग महत्त्वाची, त्या हिशोबानंच जा.