तुमचं चित्र कुणी न विचारता विकतंय? आधी बिल घ्या

पुण्यात रविवार पेठेतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात मी रिबीन घ्यायला गेले होते. काउंटरमागच्या फळीवर मगांची रांग आणि प्रत्येकावर मी काढलेलं मंडईचं चित्र. सही पुसलेली, रंग पिवळट केलेले. तरी ओळख पटायला क्षणही लागला नाही, कारण मनोऱ्याच्या डावीकडच्या छपरावर पारवा बसलेला होता. तो पारवा म्हणजे खरं तर शाईचा थेंब. २०२१ च्या पावसाळ्यात रेघ ओढताना निबमधून पडला, निघेना, म्हणून मी त्याला चोच आणि शेपूट काढली.

अशा वेळी तोंडाशी येतं ते बोलू नका. भांडण झालं की माल दहा मिनिटांत फळीवरून उतरतो, ऑनलाइन असेल तर पान गायब होतं आणि तुमच्या हातात नुसता संताप उरतो. आधी गिऱ्हाईक व्हा. एक नग विकत घ्या, पक्कं बिल मागा. "काका, जीएसटीचं बिल द्याल ना?" एवढंच मी विचारलं. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, तेव्हा त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढा.

खोका टाकू नका. बंद पॅकमधल्या मालावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं वजनमापाच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. माझ्या खोक्याच्या तळाशी तो बारीक अक्षरात सापडला. नसेल तर बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर शोधा, दुकानाचं नोंदणीकृत नाव मिळतं. दुकानदाराला मी नंतर शांतपणे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, माल वरून येतो. चित्र कुणाचं, आम्हाला काय ठाऊक?" मला ते खरं वाटलं. त्यांना वेठीला धरण्यापेक्षा छापणाऱ्याला गाठा.

ऑनलाइन विक्री असेल तर स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पूर्ण पत्ता, विक्रेत्याचं नाव, किंमत आणि तारीख दिसायला हवी. वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर ते पान साठवून ठेवा. तिथूनही एक नग मागवाच, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितली तर विक्रेत्याची पत्त्यासकट माहिती त्या संकेतस्थळाला द्यावी लागते. मगच कॉपीराइट भंगाची तक्रार भरा. आधी भरलीत तर विक्रेता दुसऱ्या नावाने परत येतो आणि तुम्ही पहिल्या पायरीवर.

आता आपली बाजू. मूळ कागद, कच्ची रेखाटनं, पहिला स्कॅन, लेयर असलेली फाइल, चित्र पहिल्यांदा पाठवलं तो ईमेल. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. काम करायचं ते प्रतीवर. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतात.

"मी नोंदणीच केली नव्हती," असं म्हणत कितीतरी मित्रमैत्रिणी हातपाय गाळून बसतात. असं करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क तयार होतो, तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. नोंदणी पुरावा म्हणून कामाला येते, सक्तीची नाही. चित्रासाठी फी ५०० रुपये, मालावर वापरायचं चित्र असेल तर २,०००. एक गोष्ट मात्र आधीच तपासा: चित्र कुणी पैसे देऊन काढून घेतलं होतं का? तसं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे मालकी त्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकते. जुने ईमेल काढून वाचा.

मग पत्र. माझं एका पानाचं होतं: हे चित्र माझं आहे, अमुक महिन्यात काढलं. तुमच्या मगावर माझ्या परवानगीशिवाय छापलंय. विक्री थांबवा. किती छापले, किती विकले, किती शिल्लक आहेत ते १५ दिवसांत लेखी कळवा आणि विकलेल्यांचा मोबदला द्या. सोबत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी, पारव्याभोवती लाल वर्तुळ. तुरुंगाची भाषा टाळा. निराधार धमकीविरुद्ध समोरचाही कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६० खाली कोर्टात जाऊ शकतो. पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. मी लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टातून पाठवलं, पावती बिलाला टाचली.

उत्तर आलंच नाही तर वकील गाठा. विक्रेता दिल्लीचा असला तरी कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याला शिवाजीनगरला, दावा लावता येतो. वकिलाच्या फीने धास्तावलेल्या मैत्रिणींनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. जाणूनबुजून केलेली चोरी फौजदारी गुन्हाही आहे, ६ महिने ते ३ वर्षं कैद, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र ठरवला, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात. पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला कागद दाखवा, एवढं माझं मत.

नवव्या दिवशी छापणाऱ्याचा फोन आला. आवाज चढवला, मग गोड झाला, मग म्हणाला, "ताई, मिटवून टाकू." मी प्रत्येक वेळी एकच म्हटलं, "लिहून पाठवा." संध्याकाळी ईमेलने आकडे आले. मोबदल्यावर तीन आठवडे घासाघीस झाली, पण उरलेल्या मगांबद्दल मी एक शब्दही मागे घेतला नाही. कलम ५८ प्रमाणे चोरून छापलेल्या प्रती मूळ हक्कदाराच्याच मालकीच्या धरल्या जातात. त्याच्या गोदामात उभं राहून मी खोके मोजून घेतले. एकशे बारा भरले, आणि त्यातला प्रत्येक पारवा माझा होता.