ब्रोकोली चिरा, थांबा, मग गॅस पेटवा

कोल्हापुरात ब्रोकोली घरी येते ती बहुधा डॉक्टरांनी नाहीतर जिमला जाणाऱ्या पोरानं सांगितलं म्हणून. मग ती मिठाच्या पाण्यात मऊ होईस्तोवर उकडली जाते, पाणी मोरीत ओतलं जातं आणि उरलेला हिरवट लगदा औषध घेतल्यासारखा गिळला जातो. चव तर गेलीच, पण ज्यासाठी पैसे मोजले त्यातलंही बरंच त्या पाण्याबरोबर वाहून गेलं. खरं तर ही कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांच्याच कुळातली भाजी आहे. त्यांचं आपण जे करतो ते हिचंही करता येतं. फक्त चिरणं आणि शिजवणं यांत थोडी शिस्त पाळावी लागते.

खाऊन मिळतं काय?

१०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत साधारण ३४ कॅलरी, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू, पावणेतीन ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. फ्लॉवरमध्ये हेच क जीवनसत्त्व सुमारे ४८ आणि कोबीत ३६ मिलिग्रॅम. म्हणजे बहिणींत ही वरचढ. पण फक्त क जीवनसत्त्व हवं असेल तर पेरू खा, त्यात याच्या दुपटीहून जास्त मिळतं आणि तो स्वस्तही पडतो. ब्रोकोलीत के जीवनसत्त्व आणि फोलेटही चांगलं असतं. के जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, त्यामुळे भाजीत चमचाभर तेल पडलं म्हणून जीव खाऊ नका.

हिचं खरं नाव झालं ते सल्फोराफेनमुळे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तालाले यांच्या प्रयोगशाळेनं ब्रोकोलीतून हा घटक वेगळा काढला. शरीरातल्या पेशींची नको ते पदार्थ निकामी करण्याची जी यंत्रणा असते, तिला तो चालना देतो. म्हणून कर्करोगाच्या संशोधनात त्याच्याकडे लक्ष गेलं. यावरून कुणी ‘ब्रोकोलीनं कॅन्सर बरा होतो’ असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. भाजी ही भाजीच, उपचार डॉक्टरांकडेच.

गंमत अशी, की अख्ख्या गड्ड्यात सल्फोराफेन जवळपास नसतंच. असतो तो त्याचा कच्चा माल, ग्लुकोराफेनिन, आणि शेजारच्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. सुरी चालली किंवा दातांनी चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सल्फोराफेन तयार होतं. हे विकर उष्णतेला नाजूक. चिरल्या चिरल्या कढईत टाकलं की ते मरतं आणि कच्चा माल तसाच पडून राहतो.

निवडणं

थंडीत, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास ब्रोकोली चांगली मिळते. कपिलतीर्थ मंडईत घ्या नाहीतर लक्ष्मीपुरीच्या बाजारात, बघायच्या गोष्टी त्याच. गड्डा हातात जड लागला पाहिजे. कळ्या घट्ट मिटलेल्या आणि गडद हिरव्या हव्यात, थोडी जांभळट झाक चालते. पिवळं फूल दिसलं की माल शिळा. देठ कापलेल्या बाजूनं काळा पडलेला किंवा पोकळ असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर न धुता कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

धुणं आणि चिरणं

कोबीवरची हिरवी अळी हिच्यातही लपते आणि रंग सारखाच असल्यानं पटकन दिसत नाही. आधी मोठे तुरे सोडवा, मीठ घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं उलटे बुडवून ठेवा, मग नळाखाली धुवा. बारीक चिरून मग पाण्यात ठेवू नका, क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं.

देठ टाकणाऱ्यांचा मला राग येतो. बाहेरची जाड साल सोलली की आतला गर नवलकोलसारखा कोवळा आणि गोडसर निघतो. तो वेगळा काढून ठेवा, खाली त्याचा झुणका आहे.

आता मुद्द्याची पायरी. धुऊन निथळलेले तुरे बारीक चिरा, ताटात पसरा आणि चाळीसेक मिनिटं तसेच राहू द्या. तेवढ्यात कणीक मळून होते, भात लागतो. विकराला काम करायला वेळ मिळतो, आणि एकदा तयार झालेलं सल्फोराफेन थोड्या वेळाच्या शिजवण्यात बऱ्यापैकी टिकतं.

शिजवणं

वाफ सगळ्यात बरी. मोदकपात्राच्या चाळणीत तुरे ठेवून तीन ते चार मिनिटं, बस. रंग झगझगीत हिरवा झाला आणि देठात सुरीचं टोक किंचित अडखळत शिरलं की उतरवा. शेवाळी रंग आणि गंधकासारखा उग्र वास आला की समजा, जास्त शिजलं. कुकरची शिट्टी तर नकोच. लिंबू नेहमी शेवटी, कारण आंबट लागलं की उष्णतेत हिरवा रंग उतरतो.

कोल्हापुरी परतलेली भाजी

मध्यम गड्डा घ्या. कढईत दोन चमचे तेल तापवून जिरं, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि एक उभा चिरलेला कांदा परता. मोठ्या आचेवर तुरे टाका, दोन मिनिटं हलवत राहा, पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवा. मग चमचाभर कांदा-लसूण चटणी आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. चटणीत मीठ असतंच, वरून घालताना हात राखून घाला. तर्री आणायच्या नादात वाटीभर तेल ओतलंत तर मात्र ब्रोकोलीचं नाव पुढे करू नका, सरळ मिसळ खा!

देठांचा झुणका

सोललेले देठ किसा. नेहमीसारखी जिरं-मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा, हळद, चटणी, त्यावर कीस. तो जरा मऊ झाला की मावेल तेवढं बेसन भुरभुरवा, झाकण ठेवून वाफ काढा. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. घरच्यांना आत काय आहे ते जेवण झाल्यावर सांगितलं तरी चालतं.

पांढऱ्या रश्शात

शाकाहारी पांढरा रस्सा करत असाल तर वाफवताना खाली उरलेलं पाणी त्यातच वापरा. तीळ, खसखस, काजू भिजवून वाटा, आलं-लसूण आणि खडा मसाला तुपावर परता, वाटण घाला, पाणी घाला, उकळू द्या. नारळाचं दूध शेवटी, आणि नंतर खळखळ उकळी नको, रस्सा फुटतो. वाफवलेले तुरे वाढताना वाटीत ठेवून वरून रस्सा ओता.

मोहरी फेसून कोशिंबीर

घाई असेल, चाळीस मिनिटं थांबायला वेळ नसेल, तर आपल्याकडे मोहरी आहे. तिच्यातही मायरोसिनेज असतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा जणांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली खायला दिली, एकदा नुसती आणि एकदा एक ग्रॅम मोहरीची पूड घालून. मोहरीबरोबर शरीराला मिळालेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. मात्र ही मोहरी कच्ची हवी. फोडणीत तडतडलेली चवीला छान, पण तिचं विकर तेलातच जळून जातं.

म्हणून अर्धा लहान चमचा मोहरी खलात घ्या, दोन थेंब पाणी घालून फेसा. झणका नाकात गेला की झाली. दोन वाट्या वाफवून गार केलेले तुरे, वाटीभर दही, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि ही मोहरी कालवा. लाल भोपळ्याच्या भरताची चव ज्यांना आवडते त्यांना हे लगेच पटेल. फ्रीझरमधली पाकिटातली ब्रोकोली आणली असेल तर हाच प्रकार करा, कारण गोठवण्याआधी ती गरम पाण्यातून काढलेली असते आणि तिचं स्वतःचं विकर बहुतेक संपलेलं असतं.

कुणी जपून खावी

रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. के जीवनसत्त्वामुळे गोळीचा असर कमी-जास्त होऊ शकतो. अशांनी आठवडाभर अजिबात नाही आणि रविवारी पातेलंभर, असं करू नये. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी कच्च्याचा मारा टाळून शिजवून, बेतानं खावी. कोबीनं ज्यांचं पोट फुगतं त्यांचं हिनंही फुगेल. अशांनी आधी अर्धी वाटी, दुपारच्या जेवणात, आणि हिंग सढळ हातानं.