खळ, कात्री आणि आईचं कॅलेंडर

खजुरी बाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या बाबांचं बायंडिंगचं दुकान होतं. इंदूरची शाळकरी पुस्तकं, वकिलांची बाडं, कापडवाल्यांच्या चोपड्या, सगळं तिथे शिवलं जायचं. दुकान बंद केलं तेव्हा त्यांची ऑर्डर लिहायची लाल कापडी वही अर्धी कोरी राहिली होती. आई गेल्यावर तिच्या कपाटात जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीने बांधलेली. तिने तारखांच्या चौकोनांत अख्खा संसार लिहून ठेवला आहे. "खाडा" म्हणजे दूधवाला आला नाही. "सिलिंडर लावला." "अण्णांना ताप." कॅलेंडरचे ते चौकोन आणि घरातल्या जुन्या वस्तू बाबांच्या त्या वहीत चिकटवून मी एक नवं पुस्तक केलं. गेल्या उन्हाळ्यात रामबागेतल्या तीन घरच्या मुली आणि माझी भाची माझ्याकडे हे शिकायला बसल्या. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

सर्वात आधी तीन ढीग करा, कात्री अजून डब्यातच राहू द्या. पहिल्या ढिगात ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते: हस्ताक्षर, जुना फोटो, पत्र. दुसऱ्या ढिगात जे पुन्हा मिळेल ते: लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये तागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या पट्ट्या. तिसऱ्यात जड वस्तू: किल्ली, बटणं, बिल्ले, बांगडीचे तुकडे. पहिल्या ढिगातलं काहीही कापायचं नाही. त्याची झेरॉक्स कापायची. आईच्या कॅलेंडरचे चौकोन तेवढे मी मूळचेच घेतले, तो एकच अपवाद. मी हे फार महाग शिकले. गोड्या मसाल्याचं प्रमाण आईने शाईच्या पेनाने एका चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी थेट ओल्या गोंदावर ठेवली आणि डोळ्यांसमोर निळं पाणी पसरत गेलं. आता त्यावर "धने अर्धा किलो" एवढंच वाचता येतं, बाकीचं प्रमाण कोणालाच आठवत नाही. म्हणून प्रत्येक लिहिलेल्या कागदाच्या कोपऱ्यातल्या एखाद्या अक्षराला ओला कापूस टेकवून पाहा. कापसाला रंग लागला तर त्या कागदाला पाणी लावायचं नाही. बॉलपेनची आणि छापखान्याची शाई सहसा टिकते, शाईच्या पेनाची आणि घरच्या इंकजेट प्रिंटरची पसरते. झेरॉक्स दुकानातली काळी प्रत पाण्याला दाद देत नाही, कारण ती भुकटी तापवून कागदावर बसवलेली असते.

तिकिटांबद्दलही हेच. जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचे चित्रकार होते, पहिल्या महायुद्धानंतर ते ट्रामची तिकिटं, वेष्टणं, फाटके कागद चिकटवून चित्रं करत. त्यांची ती चित्रं आजही संग्रहालयांत आहेत. पण त्या तिकिटांवर छापखान्याची शाई होती. आज बसमध्ये किंवा दुकानात मशीनमधून निघणारी गुळगुळीत चिठ्ठी उष्णतेने छापलेली असते, उन्हात आणि गरमीत ती फिकी पडते नाहीतर काळवंडते. तिचीही झेरॉक्स काढा आणि चिठ्ठीऐवजी ती प्रत चिकटवा.

आता चिकटवायचं कशाने? फेव्हिकॉल सगळ्यांच्या घरात असतो आणि पुठ्ठ्याला तो उत्तम आहे, पण एकदा वाळला की सुटत नाही. खळ पाण्याने पुन्हा सुटते. म्हणून माझा नियम असा: जे पुन्हा मिळेल ते फेव्हिकॉलने, जे जपायचं ते खळीने. आईचे चौकोन मी खळीनेच लावले. उद्या कोणाला ते काढून घ्यावेसे वाटले तर काढता यावेत.

खळ करणं सोपं आहे. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळी न होता कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. पाच-सात मिनिटांत पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागते, चमच्यावरून सावकाश घसरते. तेव्हा उतरवा आणि पातळ मलमलीतून गाळा. बाबा त्यात मोरचूद घालायचे, झुरळ आणि कसर लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. मोरचूद विषारी आहे आणि स्वयंपाकघराच्या भांड्यात त्याला जागा नाही. मी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालते आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवते. चार दिवसांत संपवते. आंबट वास आला की फेकून देते, कारण तशी खळ लावली तर पुढे बुरशी धरते.

वहीची तयारी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. कोऱ्या वहीत चिकटवत गेलं की ती फुगते, वरचा पुठ्ठा आ वासतो आणि शेवटी पाठ फाटते. जाडी आत येणार असेल तर आधी जाडी बाहेर काढली पाहिजे. दर तीन पानांमागे एक पान कापून टाका, पण अगदी मुळापासून नाही, शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून. बाबांच्या भाषेत ही जुजबंदी आहे, म्हणजे पानांच्या घड्या एकात एक घालून मधोमध शिवलेल्या. पान मुळातून ओढलं तर त्याचा जोडीदार पलीकडच्या अर्ध्यातून गळून पडतो. उरलेल्या पानांतली दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करा, म्हणजे ते ओलं झाल्यावर सुरकुतत नाही. ऑर्डर लिहिलेली पानं मी जशीच्या तशी ठेवली. "१२ चोपड्या, लाल कापड, सोनेरी अक्षरं, परवा" असं बाबांनी लिहिलेलं आहे, त्यावर काही चिकटवायला माझा हात धजला नाही. माझ्या मते अशा कामात जुन्या वस्तूचं जुनं काम दिसत राहिलं पाहिजे. सगळं रंगाने झाकून टाकलं तर ती वही आहे की बाजारातली नवी डायरी, हे कोणाला कळणार?

कॅलेंडरचा कागद पातळ असतो आणि मागच्या बाजूलाही छपाई असते. तो तसाच ओला करून चिकटवला की मागची पाककृती पुढच्या तारखेतून डोकावते. त्यासाठी मागून पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग खळ लावा, नेहमी चिकटवायच्या तुकड्याला, खालच्या पानाला नाही. खळ लावल्यावर एक मिनिट थांबा. कागद पाणी पिऊन थोडा वाढतो. तो वाढून झाल्यावर बसवला तर फुगे येत नाहीत, घाईने बसवला तर पानावर वाढतो आणि सुरकुत्या पडतात. मध्यापासून सुरुवात करून चमच्याच्या पाठीने बाहेरच्या दिशेला दाबत जा. वर दुसरा कोरा कागद ठेवून मग घासा, नाहीतर छपाई पुसते.

वाळताना तोच कागद आकसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुठ्ठा वाकला की मुली घाबरल्या. याचं उत्तर बाबांच्या दुकानात रोज दिसायचं: पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद लावायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की तो सरळ होतो.

आईचा फोटो मी झेरॉक्समधून उतरवला. यासाठी आरशातल्यासारखी उलटी प्रत काढून घ्या, दुकानात सांगितलं की देतात. अक्षरं असतील तर हे विसरू नका. पानावर ॲक्रिलिकचं मॅट मीडियम, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणारा चिकट द्रव, लावा, प्रतीची छापील बाजू त्यावर पालथी ठेवा, फुगे काढा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी मागच्या बाजूला ओला स्पंज फिरवा आणि बोटाच्या टोकाने हळूहळू चोळा. कागदाच्या लेंडक्या निघतात, खाली काळी छाया राहते. वाळल्यावर ती पुन्हा पांढुरकी दिसेल, तेव्हा पुन्हा ओली करून पुन्हा चोळा. असं दोन-तीनदा करावं लागतं. आईच्या नाकाजवळ माझं बोट जरा जोरात गेलं आणि तिथे पांढरा डाग राहिला. मी तो तसाच ठेवला आहे, नंतर हात लावला नाही.

काका मिलमध्ये होते. त्यांचा हजेरीचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे, मध्ये भोक, त्यावर नंबर. तो पानावर चिकटवला तर पान फाटेल, म्हणून वहीत खिडकी केली. वीसेक पानं एकत्र चिमट्यांनी पकडली, वर स्टीलची पट्टी ठेवून धारदार कटरने चौकोन कापला, एका वेळी दोन-तीनच पानं, खाली जाड पुठ्ठा. कापून झाल्यावर खिडकीच्या आतल्या कडांना फेव्हिकॉलचा पातळ हात दिला, त्याने सगळी पानं मिळून एक चौकट होते. बिल्ला आत दोऱ्याने शिवला. फेव्हिकॉल धातूला धरत नाही, आणि भोक नसलेली वस्तू असेल तर दोन नळ्यांचं अराल्डाइट सारख्या प्रमाणात कालवून लावा, खिडकी उघडी ठेवून. लोखंडी किल्ली किंवा पिन असेल तर तिला आधी पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर गंज पानावर तपकिरी डाग पाडतो. शिवायला दाभण घ्या, साधी सुई पुठ्ठ्यात वाकते.

दर दोन पानांमध्ये काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर वाळताना पुस्तक एकमेकांना चिकटून एक वीट होते. मेणकागद मिळाला तर उत्तम. मी दुधाच्या पिशव्या धुऊन, उघडून, सपाट करून वापरते. त्या प्लॅस्टिकला खळ किंवा फेव्हिकॉल धरत नाही, पिशवी अलगद सुटते. पुस्तक वजनाखाली ठेवायचं, पण पिशव्या एकच दिवस, कारण प्लॅस्टिकमधून पाणी उडत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याऐवजी जुनी वर्तमानपत्रं घाला.

हे काम मार्च ते मे यांतच करा असं मी ठामपणे सांगते. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एक पान दोन-तीन तासांत वाळतं. एका जुलैमध्ये मी हट्टाने एक वही पुरी केली, वरून कोरडी लागली म्हणून बंद करून ठेवली, आणि पंधरा दिवसांनी उघडली तर आत काळे ठिपके आणि तळघराचा वास. पान हाताला गार लागत असेल तर आत ओल आहे, हे लक्षात ठेवा. उन्हात मात्र ठेवू नका, पुठ्ठा वाकतो आणि रंग उडतात. पंख्याखाली, पानं पंख्यासारखी पसरून, पुस्तक उभं करून ठेवायचं.

झालेलं पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच ठेवत नाही. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळते आणि आडवं ठेवते, उभं नाही, कारण बिल्ल्याच्या वजनाने पानं खाली ओढली जातात. भाचीने शेवटची सहा पानं कोरी ठेवायला लावली. तिथे तिने या महिन्याचं आपलं कॅलेंडर पेन्सिलने आखलं आहे आणि पहिल्याच चौकोनात लिहिलं आहे, "आत्याकडे खळ केली." पावसाळा संपेपर्यंत ते पुस्तक बाबांच्या लाकडी शिकंज्यात आहे, स्क्रू अगदी सैल ठेवून.