'किरण' हे नाव ठेवण्यापूर्वी काय पाहावे

बाळासाठी नाव निवडताना नावांच्या याद्यांवर विसंबू नये, शब्दकोश उघडावा, आणि त्यातही आधी धातू पाहावा. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शोभणारे 'किरण' हे तीन अक्षरांचे नाव संस्कृतातील 'कॄ', म्हणजे विखुरणे, या धातूपासून आले आहे. 'विकिरण' आणि 'प्रकीर्ण' हे शब्द त्याच कुळातले. संस्कृतात किरण म्हणजे बारीक धूळ असाही जुना अर्थ आहे, आणि माजघरात उतरलेल्या कवडशात तरंगणारे कण ज्याने पाहिले असतील, त्याला या दोन अर्थांचे नाते निराळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतर शब्दाचे लिंग पाहावे. अमरकोशात 'किरण' आणि 'रश्मि' हे दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. मराठीत 'आशेचा किरण' पुल्लिंगी, तर 'सूर्याची किरणे' नपुंसकलिंगी. हिंदीत मात्र किरण स्त्रीलिंगी. मुलींमध्ये हे नाव रुजण्यास हिंदीतील या लिंगाचा हातभार लागला असावा, असे मला वाटते. तरीही कोशातील लिंगाने निर्णय करू नये, कारण पुल्लिंगी 'रश्मि' आज मुलींचेच नाव झाले आहे.

प्रचलन जोखण्यासाठी आपल्या भागाची मतदार यादी चाळावी. तिच्यात नावापुढे वय आणि लिंग दिलेले असल्याने कोणत्या पिढीत ते कोणाला ठेवले गेले, हे कळते. सार्वजनिक जीवनात यष्टिरक्षक किरण मोरे आणि कादंबरीकार किरण नगरकर आहेत, तशाच 1972 साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या किरण बेदी आणि 2006 चे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाईही आहेत. परदेशी स्थायिक कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावे: आयर्लंडमधील 'कीरन' हे नाव कानाला जवळचे वाटले, तरी ते 'काळा' या अर्थाच्या शब्दापासून आले आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. तो पूर्ण मोठ्याने म्हणून पाहावा. बोलताना 'किरण आला' की 'किरण आली' यावरून उलगडा होतो, कागदावर होत नाही. म्हणून जन्मदाखला हाती येताच लिंगाचा रकाना स्वतः तपासून घ्यावा.