आधी एक गोळा ओढून दाखवा

इंटरॅक्टिव्ह वेबचं, म्हणजे बोटाला-माऊसला प्रतिसाद देणाऱ्या पानांचं काम शिकायचं ठरवलं की माणूस आधी काय करतो, तर ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडून ठेवतो. मीही ठेवायचे. लायब्ररींच्या (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या) याद्या, बक्षीस मिळालेल्या साइट, 'नंतर बघू' म्हणून जपलेले व्हिडिओ. ते नंतर काही आलं नाही. आता माझ्याकडे कुणी शिकायला आलं की मी एकच काम देते: साधा डिव्ह, म्हणजे वेबपानावरचा एक रिकामा चौकोन, घ्या, त्याचा गोल करा. तो बोटाने ओढता आला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगला बांधल्यासारखा हेलकावे खात जागेवर आला पाहिजे. लायब्ररी वापरायची नाही.

तासाभराचं काम वाटतं. दोन दिवस जातात, आणि जायलाच हवेत.

पहिला खड्डा वेळेचा. हालचालीसाठी रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम वापरायचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र (फ्रेम) बदलायच्या वेळी ब्राउझर दर वेळी आपलं फंक्शन चालवतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'दर फ्रेमला ५ पिक्सेल सरक' असं लिहिलं की फसलात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंदांची. म्हणजे तोच कोड तिथे दुप्पट वेगाने पळतो. मला हे कळलं ते भर मीटिंगमध्ये. माझ्या लॅपटॉपवर संथ तरंगणारी पानं ग्राहकाच्या टॅबलेटवर वावटळीत सापडल्यासारखी भिरभिरत होती. मी आधी त्यांच्या टॅबलेटलाच दोष दिला, हे आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

उपाय सोपा आहे. त्या फंक्शनला दर वेळी एक टाइमस्टॅम्प मिळतो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते त्यावरून काढा आणि वेग 'सेकंदाला इतके पिक्सेल' असा ठेवून त्या वेळेने गुणा. मात्र त्या फरकाला वरची मर्यादा घाला, मी ५० मिलिसेकंद ठेवते. टॅब मागे गेला की हे फंक्शन थांबतं. पाच मिनिटांनी परत आलात तर फरक पाच मिनिटांचा निघतो आणि गोळा पडद्याबाहेर कुठेतरी अंतराळात गेलेला असतो.

दुसरा खड्डा बोटाचा. माऊसवर सगळं झकास चालतं. फोनवर गोळा खाली ओढायला जावं तर तो जेमतेम हलतो आणि पानच सरकायला लागतं. ब्राउझरची समजूत होते की तुम्हाला स्क्रोल करायचं आहे. तो पॉइंटर-कॅन्सल, म्हणजे 'स्पर्श रद्द' अशी सूचना (इव्हेंट), पाठवतो आणि बोट स्वतःच्या ताब्यात घेतो. सीएसएसमध्ये त्या गोळ्याला टच-अ‍ॅक्शन नन द्या, फक्त गोळ्याला. अख्ख्या पानाला दिलंत तर लोकांना खाली सरकताच येणार नाही. पॉइंटर-डाउनला, म्हणजे बोट टेकताच, सेट-पॉइंटर-कॅप्चर करा, म्हणजे बोट गोळ्यावरून निसटलं तरी इव्हेंट गोळ्याकडेच येत राहतात. आणि पॉइंटर-कॅन्सलही ऐका. फक्त पॉइंटर-अपच्या (बोट उचलल्याच्या) भरवशावर राहिलात तर गोळा कधीतरी मध्येच लटकून राहतो. सरकवताना लेफ्ट-टॉप बदलत बसू नका, ट्रान्सफॉर्म वापरा. लेफ्ट-टॉप बदललं की ब्राउझरला मांडणीचा हिशोब पुन्हा करावा लागतो, ट्रान्सफॉर्मला ती भानगड नाही.

एवढं जमलं की मग हत्यारांकडे बघा. रेघा, आकार, रंग खेळवायचे तर पी-फाइव्ह. २००१ साली बेन फ्राय आणि केसी रीस यांनी प्रोसेसिंग ही कोडने चित्रं काढायची भाषा सुरू केली, त्याच वळणाचं हे जावास्क्रिप्टमधलं भावंड लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये आणलं. शिकायला याच्याइतकं सोपं दुसरं मला सापडलेलं नाही. त्रिमितीला थ्री-जेएस, पण खरंच त्रिमिती हवी असेल तरच. नुसतं फिरणारं चकचकीत काहीतरी हवं म्हणून तो डोलारा उभा करू नका. आकडेवारी चित्रात मांडायची तर डी-थ्री. शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालून पिक्सेलचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, समजून घ्यायला शेडरटॉय ही साइट: दुसऱ्याचा कोड तिथेच बदलायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. मी तर आकडे उगीचच दहापट करून बघते, त्यातून सर्वात जास्त कळतं.

कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या कोडने रंगवायच्या फळ्यावर, गेलात की फोनवर चित्र धुरकट दिसेल. डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती पिक्सेल, त्या आकड्याने) कॅनव्हासची रुंदी-उंची वाढवा, पण २ वर थांबा. ३ केलंत तर एकपटीच्या नऊपट पिक्सेल रंगवावे लागतात, २ ला चारपटच. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, बॅटरीला जाणवतो. आवाज वापरायचा असेल तर पहिल्या स्पर्शाची वाट बघा, त्याआधी ब्राउझर सहसा वाजूच देत नाही.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयूचा वेग मुद्दाम कमी करता येतो. मी चौपट मंद करूनच काम करते. शिवाय घरातला सर्वात जुना फोन विकू नका. आणि प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन ('हालचाल कमी हवी' ही वापरणाऱ्याची सेटिंग) तपासल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका. पडद्यावरच्या हालचालींनी काही जणांना खरोखर चक्कर येते, मळमळतं. त्यांच्यासाठी गोळा हेलकावे न खाता थेट जागेवर आला तरी चालतं.

उपक्रमांचं म्हणाल तर मला मुदत आणि बंधन असलेले आवडतात. जेएस-थर्टीन-के ही स्पर्धा २०१२ पासून चालते: १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, अख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसला पाहिजे. चित्रांच्या मोठ्या फाइल परवडत नाहीत, म्हणून आकार बरेचदा कोडनेच काढावे लागतात. जानेवारीत जेन्युअरी असतं: रोज एक विषय, रोज एक कोडचित्र. मी एकतीस दिवस एकदाही पूर्ण केलेले नाहीत, नवव्या-दहाव्या दिवशी गाडी रुतते. तरी दर वर्षी बसते. आणि जर्मनीत ईस्टरला रिव्हिजन हा डेमोसीनचा, म्हणजे कोडमधून चित्र-संगीत घडवणाऱ्या हौशींचा मेळावा भरतो. तिथे दोघं जण प्रेक्षकांसमोर पंचवीस मिनिटांत शेडर लिहितात. त्याची रेकॉर्डिंग बघा, चुकलेली ओळ ते कशी सावरतात तेवढ्यासाठी तरी.

प्रेरणेसाठी बक्षिसांच्या साइट मी जवळजवळ बघत नाही. त्या बघून सगळे सारखंच करायला लागतात. त्यापेक्षा जुनं बघा. १९६८ च्या सुमारास संगणक-कलेतले आद्य जर्मन कलाकार गेओर्ग नीस यांनी प्लॉटरवर, म्हणजे पेनने रेघा काढणाऱ्या यंत्रावर, एक चित्र काढलं, 'शॉटर', म्हणजे खडी. एका ओळीत बारा चौकोन, अशा बावीस ओळी. वर सगळे शिस्तीत, आणि खाली येताना हळूहळू वाकडे होत घरंगळलेले. दोन लूप आणि एक रँडम, काम खलास. ते आधी जसंच्या तसं काढा. मग बोट आत आणा: बोटाजवळचे चौकोन सरळ व्हावेत आणि बोट दूर गेलं की पुन्हा विस्कटावेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते दर फ्रेमला नवा रँडम आकडा घेत होते, त्यामुळे अख्खी खडी थंडी वाजल्यासारखी कुडकुडत राहिली. आकडे एकदाच काढून यादीत, म्हणजे ॲरेमध्ये ठेवा.