निकेलवर ऑक्साइड कॅथोडचा लेप: फवारणी, विघटन, अ‍ॅक्टिव्हेशन

तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडायला किती ऊर्जा लागते, यावर कॅथोडचं, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचं, सगळं गणित उभं असतं. या ऊर्जेला वर्क फंक्शन म्हणतात. शुद्ध टंगस्टनचं वर्क फंक्शन साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणून टंगस्टनची तार २५०० केल्विनच्या आसपास तापवल्याशिवाय कामाचा प्रवाह मिळत नाही. निकेलवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असला की हाच आकडा १.५ च्या आसपास येतो आणि १०५० केल्विनवर, म्हणजे नुसत्या लाल उजेडात, काम भागतं. हा गुण आर्थर वेनेल्ट यांनी १९०४ च्या सुमारास प्रकाशात आणला.

तापलेल्या पृष्ठभागातून किती प्रवाह निघेल ते सांगणाऱ्या रिचर्डसनच्या सूत्रात वर्क फंक्शन घातांकात बसतं. १०५० केल्विनला ते ०.१ ने जरी वाढलं, तरी प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. बोटाच्या ठशातलं क्लोराइड किंवा पंपातल्या तेलाची वाफ यांचा एवढा बोभाटा का होतो, ते यावरून कळावं. फवारणी हा या कामाचा सोपा भाग आहे. कॅथोड वाया जातात ते बहुधा चुकीच्या निकेलमुळे किंवा वायू काढताना केलेल्या घाईमुळे.

निकेल

पत्रा किंवा नळी ०.१ ते ०.२ मिमी जाडीची पुरते. महत्त्वाचं असतं ते निकेलमध्ये आणखी काय आहे. लेपातल्या बेरियम ऑक्साइडमधून थोडं मोकळं बेरियम तयार व्हावं लागतं, आणि ते काम निकेलमधली मॅग्नेशियम, सिलिकॉन, टंगस्टन अशी ऑक्सिजन ओढून घेणारी मूलद्रव्यं करतात. मॅग्नेशियम शेकडा ०.०५ च्या आसपास असलं तरी चालतं. टंगस्टन मात्र २ ते ४ टक्के घालतात. अतिशुद्ध निकेलवरचा कॅथोड जागा व्हायला, म्हणजे पुरेसे इलेक्ट्रॉन सोडू लागायला, वेळ घेतो, पण सावकाश चालतो आणि टिकतो.

सिलिकॉनचा मोह टाळा. त्याने कॅथोड झटपट जागा होतो खरा, पण निकेल आणि लेप यांच्यामध्ये बेरियम सिलिकेटचा थर साठत जातो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. हीटर (कॅथोडला आतून तापवणारी तार) चालू पण प्रवाह बंद, अशा अवस्थेत कॅथोड तासन्‌तास राहिला तर हे जास्त होतं. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकातल्या व्हॅक्यूम ट्यूब १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशाच निकामी होत होत्या. त्यावर उपाय म्हणून कॅथोडच्या निकेलमधून सिलिकॉन काढून टाकावं लागलं.

सफाईचा क्रम असा: अ‍ॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक १० मिनिटं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डीआयोनाइज्ड पाणी. त्यानंतर कोरड्या हायड्रोजनमध्ये ९०० ते १००० अंश सेल्सिअसला १० ते १५ मिनिटं भाजा. ओला हायड्रोजन कार्बन चांगला काढतो, पण पृष्ठभागाजवळच्या मॅग्नेशियमचं आणि सिलिकॉनचं ऑक्साइडही करून टाकतो. मग नेमकं ज्यासाठी ते निकेल निवडलं, तेच हातचं जातं. हायड्रोजनची भट्टी नसेल तर निर्वातात ९०० अंशांवर भाजलं तरी चालतं. इथून पुढे तुकडा फक्त चिमट्याने उचलायचा.

लेपाचं मिश्रण

लेप कार्बोनेटचा चढवायचा. ऑक्साइड नंतर निर्वातातच तयार होतं. बेरियम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड लगेच ओढून घेतं, त्यामुळे ते थेट लावायची सोयच नाही. नेहमीचं प्रमाण वजनाने बेरियम कार्बोनेट ५७, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ३९ आणि कॅल्शियम कार्बोनेट ४. तीन पुड्या एकत्र ढवळून हे साधत नाही. तिन्ही नायट्रेटांच्या द्रावणातून एकत्रच अवक्षेप पाडलेलं कार्बोनेट घ्या, म्हणजे प्रत्येक कणात तिन्ही मिसळलेली असतात. कण काही मायक्रॉनचे असावेत.

१०० ग्रॅम कार्बोनेटला १०० ते १२० मिली अमिल अ‍ॅसिटेट आणि २ ते ३ ग्रॅम नायट्रोसेल्युलोज घ्या. चिनी मातीच्या किंवा अ‍ॅल्युमिनाच्या बरणीत, त्याच जातीच्या गोळ्यांसह हे साधारण एक दिवस फिरवा. पोलादी बरणी नको. तिच्यातून लोखंड उतरतं. चार-चार दिवस फिरवत ठेवलं तर कण फुटून बारीक होतात आणि लेप घट्ट बसतो, तेही नको.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, त्यामुळे मास्क, हातमोजे आणि हवा खेचणारं कपाट हवंच. सुकलेलं नायट्रोसेल्युलोज भडकन पेटतं. सांडलेलं मिश्रण वाळू देऊ नका.

फवारणी

गन १५ ते २० सेमी अंतरावर धरा. दाबासाठी नायट्रोजनचा सिलिंडर वापरा, कारण कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं. दाब २ बारच्या आसपास. थेंब तुकड्यावर पोचेपर्यंत जवळजवळ सुकलेला असायला हवा. पृष्ठभाग चकचकीत ओला दिसला तर गन फार जवळ आहे: असा लेप घट्ट आणि गुळगुळीत बसतो आणि तापवताना पापुद्रे धरतो. फार लांबून मारला तर भुसभुशीत होतो, टिचकीने गळतो. बरोबर लेप खडूसारखा मळकट-मऊ दिसतो, आणि तिरप्या उजेडात त्यावर बारीक रवा जाणवतो.

एकाच फेरीत जाडी गाठू नका. पातळ फेऱ्या द्या आणि प्रत्येक फेरीनंतर काही सेकंद थांबा. लक्ष्य ६० मायक्रॉनचं ठेवा. लेपाची घनता घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम धरली तर वजन चौरस सेंटिमीटरला ५.४ मिलिग्रॅम येतं. जाडी मायक्रोमीटरने मोजू नका, तो लेप दाबतो. शेजारी ठरावीक क्षेत्रफळाचा निकेलचा तुकडा ठेवा आणि त्याचं आधीचं-नंतरचं वजन करा. घनता माहीत असेल तर त्यावरून जाडी काढता येते. ज्या बाजूने इलेक्ट्रॉन नकोत ती मास्क लावून झाका. फवारलेला तुकडा डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवला तर बरेच दिवस टिकतो.

कार्बोनेटचं ऑक्साइड करणं

घाई नडते ती इथे. कॅथोड बसवून पंप सुरू केल्यावर काचेचं आवरण असेल तर आधी ३५० ते ४०० अंशांवर काही तास भाजून घ्या. मग हीटरचा व्होल्टेज पायऱ्या-पायऱ्यांनी वाढवा. निर्वाताचा दाब मोजणाऱ्या गेजवर दाबाचे दोन उंचवटे दिसतात. पहिला २०० ते ४०० अंशांमध्ये, नायट्रोसेल्युलोज जळून जाण्याचा. यावेळी एकदम उष्णता दिली तर वायूच्या जोराने लेपाचे तुकडे उडतात. लेप करडा पडला तर घाबरू नका. तो उरलेला कार्बन पुढे कार्बोनेटशी अभिक्रिया करून कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो.

दुसरा उंचवटा कार्बन डायऑक्साइडचा. कॅल्शियम आधी सोडतं, मग स्ट्रॉन्शियम, बेरियम सगळ्यात शेवटी. एक चौरस सेंटिमीटरवर ५ मिलिग्रॅम कार्बोनेट असेल, तर त्यातून साधारण ०.७ मिलीबार-लिटर (दाब गुणिले घनफळ) वायू निघतो. कॅथोडपाशी पंपाचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला १० लिटर असेल आणि दाब ०.०००१ मिलीबारच्या वर जाऊ द्यायचा नसेल, तर सेकंदाला ०.००१ मिलीबार-लिटर एवढाच वायू उपसता येतो. म्हणजे १२ मिनिटं लागणारच. क्षेत्रफळ चौपट असेल तर वेळही चौपट धरा. पंपाच्या तोंडाशी लिहिलेला वेग इथे उपयोगाचा नाही. अरुंद नळीतून तो बराच घटतो.

दाब चढू देऊन उष्णता रेटली तर काय होतं? अर्धवट बदललेलं बेरियम ऑक्साइड आणि कार्बोनेट यांचं मिश्रण हजार अंशांच्या आसपास वितळू लागतं. लेपातली छिद्रं बुजतात, पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि असा कॅथोड पुढे कितीही तापवला तरी चांगला चालत नाही. म्हणून तापमानाकडे बघण्यापेक्षा गेजकडे बघत हीटर वाढवा. हीटर तेवढाच असताना दाब आपोआप उतरला की विघटन संपलं. शेवटी ९०० ते ९५० अंशांवर काही मिनिटं धरा. पायरोमीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो, हे हिशेबात घ्या.

अ‍ॅक्टिव्हेशन

लेपात मोकळं बेरियम तयार करून कॅथोड जागा करायची ही पायरी. अ‍ॅनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारा समोरचा भाग, आधीच तापवून वायूमुक्त केलेला हवा. कॅथोड ९०० अंशांच्या आसपास ठेवा, अ‍ॅनोडला मालिकेत रेझिस्टर घालून २० व्होल्ट द्या. सुरुवातीला मायक्रोअँपिअरमध्ये दिसणारा प्रवाह मिनिटागणिक वाढू लागतो. तो स्थिरावला की व्होल्टेज थोडा वाढवा. दाब एक दशलक्षांश मिलीबारच्या वर गेला किंवा प्रवाह मागे फिरला, तर अ‍ॅनोड वायू सोडतो आहे असं समजा; व्होल्टेज कमी करून थांबा. प्रवाह वाढायचा थांबला की कॅथोड ७५० ते ८०० अंशांवर आणा, हेच कामाचं तापमान. बेरियमचा गेटर (उरलेला वायू शोषून घेणारा धातू) असेल तर तो नळी बंद केल्यावर उडवा.

तपासणी सोपी आहे. हीटर १० टक्क्यांनी उतरवा, ६.३ चा ५.७ व्होल्ट. अ‍ॅनोडचा प्रवाह थोडासाच उतरला तर कॅथोडकडे शिल्लक आहे. धाडकन पडला तर उत्सर्जन अपुरं आहे. निर्वातातून जास्तीत जास्त किती प्रवाह वाहू शकतो ते सांगणाऱ्या चाइल्ड-लँगम्युअरच्या नियमाने १ मिमी अंतर आणि १०० व्होल्टला चौरस सेंटिमीटरमागे २३३ मिलीअँपिअर येतात. एवढा प्रवाह अखंड दिला तर अ‍ॅनोडवर २३ वॉट पडतात, म्हणून १० मायक्रोसेकंदांच्या पल्सने मोजा. चौरस सेंटिमीटरला अर्ध्या अँपिअरहून जास्त अखंड प्रवाह हवा असेल तर ऑक्साइडचा नाद सोडा. सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियम अ‍ॅल्युमिनेट भरलेला आणि वर ऑस्मियमचा अर्ध्या मायक्रॉनचा थर दिलेला कॅथोड घ्या.

बिघाड

प्रवाह चांगला सुरू होऊन काही सेकंदांत ढासळला तर विषबाधा: ऑक्सिजन, पाण्याची वाफ, गंधक किंवा क्लोरीन. आधी गळती शोधा, मग रबराच्या सील तपासा. ठिपक्या-ठिपक्यांनी उत्सर्जन येत असेल तर सफाई कमी पडली. पापुद्रे सुटले तर फवारणी ओली होती किंवा निकेलवर ऑक्साइड राहिलं होतं. लेपातून ठिणग्या उडत असतील तर अंतर, व्होल्टेज आणि लेपाची जाडी तिन्ही बघा. जाड लेपात ठिणग्या जास्त.

विघटनानंतर हवा आत गेली तर तो कॅथोड गेलाच. पाणी ओढून बेरियमचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते पुन्हा तापवलं की वितळून घट्ट कवच बनतं. असा लेप सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून काढता येतो. मात्र त्या निकेलमधलं मॅग्नेशियम काही अंशी खर्ची पडलेलं असतं, म्हणून ते फक्त सरावासाठी वापरा. उरलेल्या द्रावणात विद्राव्य, म्हणजेच विषारी बेरियम आहे. त्यात सोडियम सल्फेट घाला, बेरियम सल्फेटचा पांढरा गाळ पूर्ण बसू द्या आणि तो गाळून रासायनिक कचऱ्यात टाका.